वॅगन-आरचा क्लच बदलून घेतला : धायरीतील गॅरेजचा सविस्तर अभिप्राय

पुण्याच्या धायरी भागातील या गॅरेजमध्ये आम्ही आमच्या पेट्रोल वॅगन-आरचा क्लच नुकताच बदलून घेतला. काम चोख झाले, पैसे वाजवी घेतले आणि गाडी सांगितलेल्या दिवशी नाही तरी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हातात मिळाली. एवढेच असते तर चार ओळींत आटोपले असते. नवी क्लच प्लेट (इंजिनाची ताकद घर्षणाने गिअरबॉक्सकडे पोहोचवणारी चकती) घालून देणारी गॅरेजे पुण्यात पुष्कळ आहेत. उतरवलेले जुने भाग गिऱ्हाइकापुढे मांडून ‘तुमची प्लेट कशाने गेली’ हे सांगणारे गॅरेज मला पहिल्यांदाच भेटले. क्लच सेट कितीही चांगल्या कंपनीचा घेतला, तरी जुना ज्या कारणाने संपला ते कारण गाडीत किंवा चालवणाऱ्याच्या पायात तसेच राहिले, तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून क्लचच्या कामात ही तपासणी मला नव्या प्लेटइतकीच मोलाची वाटते, आणि ज्यांना गाडीचा क्लच पुढे दीर्घकाळ टिकवायचा आहे त्यांच्यासाठी ती इथे तपशिलाने नोंदवते आहे.

गाडी आम्ही सेकंड हँड घेतलेली आहे. आधीचे मालक ती शहरातच चालवत होते आणि मीटरवर लाखाच्या जवळ जाणारा आकडा होता, त्यामुळे क्लचचे काम कधीतरी निघणार याची कल्पना होती. पहिले लक्षण म्हणजे पेडल जड झाले. त्यानंतर क्लच फार वर पकडू लागला, म्हणजे पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी हलायची. शेवटी नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा आणि वेगाचा काटा मात्र जागचा हलायचा नाही. ही क्लच घसरत असल्याची अगदी सरळ खूण आहे. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना ती जाणवत नाही. चढ, भरलेली गाडी आणि वरचा गिअर हे तिन्ही जुळून आले की लगेच उघडी पडते.

इथे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये विचारणा केली होती. तिथे गाडीचे बॉनेटही न उघडता पूर्ण सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग), फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती) आणि ‘गिअरबॉक्स उतरवल्यावर बघू’ असा मोघम अंदाज मिळाला आणि त्याचा आकडा या गॅरेजच्या बिलाच्या दुपटीहून अधिक होता. या गॅरेजच्या मिस्त्रींनी आधी खाली वाकून क्लचचे पेडल हाताने दाबून पाहिले. पेडल दाबताना सुरुवातीला काही अंतर ते अगदी हलके जाते आणि मग दाब लागतो. त्या हलक्या अंतराला गॅरेजच्या भाषेत प्ले म्हणतात. आमच्या गाडीत तो जवळजवळ उरलाच नव्हता.

वॅगन-आरचा क्लच केबलवर चालतो. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिला दाब देते ती डायफ्राम स्प्रिंग, त्या स्प्रिंगच्या बोटांसारख्या पट्ट्या म्हणजे फिंगर, आणि पेडल दाबल्यावर त्या फिंगरांना ढकलून प्लेट मोकळी करते ते रिलीज बेअरिंग. प्लेट जसजशी झिजते तसतशी प्रेशर प्लेटवरील डायफ्राम स्प्रिंगच्या फिंगरांची टोके रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर सरकतात आणि केबलमधला प्ले कमी होत जातो. तो पूर्ण संपला की पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरांवर टेकलेले राहते, स्प्रिंगचा दाब प्लेटवर पूर्ण पोहोचत नाही, आणि प्लेटमध्ये जीव शिल्लक असूनही क्लच घसरू लागतो. घसरण सुरू झाली की उष्णता वाढते, उष्णतेने झीज वाढते आणि प्ले आणखी कमी होतो. केबलच्या टोकावरचा नट वेळेवर फिरवला असता तर हे चक्र सुरूच झाले नसते, आणि हे काम कोणत्याही सर्व्हिसिंगमध्ये काही मिनिटांत होण्यासारखे आहे. प्ले किती हवा याचा आकडा बहुधा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘क्लचचा प्ले तपासा’ असे जॉब कार्डावर आवर्जून लिहून घ्यावे, कारण न सांगता हे करणारे फार थोडे. ज्या गाड्यांचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा, आहे त्यांत झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे त्यांना या नटाची गरज नसते. पण त्याच कारणाने प्ले कमी झाल्याचा इशाराही त्या देत नाहीत.

मिस्त्रींनी काम अंगावर घेण्याआधी नट फिरवून प्ले दिला आणि मला शेजारी बसवून गाडी पुन्हा चढावर नेली. त्यांचे म्हणणे असे होते, ‘‘ताई, एवढ्याने भागत असेल तर गिअरबॉक्स खाली घ्यायचा कशाला?’’ तेवढ्याने भागले नाही, गाडी घसरतच राहिली. पण ज्या कामाचे हजारो रुपये मिळणार ते टळते का हे आधी तपासून पाहणारा माणूस मला तिथेच विश्वासाचा वाटला. त्याच फेरीत त्यांनी आवाजही ऐकवला. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबल्यावर जो खरखर आवाज येतो तो रिलीज बेअरिंगचा असतो. उलट पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवतो. आमच्या गाडीत पहिला आवाज होता, दुसरा नव्हता, त्यामुळे गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च यादीतून तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतले. गिअरबॉक्स जॅकवर खाली घेतलेला होता आणि काढलेले भाग एका पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवले होते. पुढचा अर्धा तास हा या गॅरेजच्या सेवेचा सर्वांत उत्तम भाग होता, असे मी म्हणेन.

क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर रिव्हेटांनी बसवलेले असते. नवीन प्लेटमध्ये रिव्हेटची डोकी अस्तरात खोल बसलेली दिसतात. आमच्या प्लेटवर नख फिरवले तर ती जवळजवळ समपातळीला आली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर रिव्हेट थेट फ्लायव्हीलला घासून त्यावर चर पाडू लागले असते आणि मग मात्र फ्लायव्हीलचा खर्च खरोखरच आला असता. अस्तराचा पृष्ठभाग मळकट करडा असायला हवा तिथे काळा आणि काचेसारखा चकचकीत झालेला होता. ही उष्णतेची खूण आहे: अस्तर वारंवार भाजले की त्यातले बंधक द्रव्य वर येऊन कडक थर धरते आणि पकड कमी होते. प्लेटवर तेलाचा अंश नव्हता, म्हणजे इंजिनाच्या क्रँकचे मागचे सील (तेल रोखणारी कडी) किंवा गिअरबॉक्सचे सील गळत नव्हते. मधल्या हबच्या स्प्रिंगा घट्ट होत्या, म्हणजे क्लच झटक्याने सोडण्याची सवय कोणाला नव्हती.

त्यानंतर प्रेशर प्लेट. तिच्या गुळगुळीत धातूच्या चेहऱ्यावर निळसर-जांभळे डाग होते आणि उजेडात तिरकी धरली तर केसाएवढ्या बारीक भेगा दिसत होत्या. उलट्या बाजूला डायफ्रामच्या फिंगरांची टोके एका गोलात झिजून आरशासारखी चमकत होती. मिस्त्रींनी बोट ठेवले ते इथे. ही टोके इतकी झिजतात ती बेअरिंग सतत टेकलेले राहिल्यामुळे, आणि बेअरिंग सतत टेकते ते दोन कारणांनी: एक तर प्ले नसणे, नाही तर गाडी चालवताना डावा पाय क्लचच्या पेडलवर विसावलेला असणे. आमच्या गाडीत बहुधा दोन्ही होते. रिलीज बेअरिंग त्यांनी माझ्या हातात देऊन फिरवायला सांगितले. वाळू भरल्यासारखे ते अडखळत फिरत होते. बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू ग्रीसशिवाय कोरडा पडला होता आणि केबलच्या आवरणात गंज होता, त्यामुळे पेडल जड होण्यात झिजलेल्या प्लेटबरोबर या दोघांचाही हात होता. केवळ प्लेट बदलून केबल तशीच ठेवली असती तर नव्या क्लचचे पेडलही जडच लागले असते, आणि सेट खराब निघाला असे आम्हाला वाटले असते.

अशा रीतीने उतरलेल्या भागांवरून आधीची चालवण्याची पद्धत जवळजवळ पूर्ण समजते. समान झीज, चकचकीत अस्तर, निळे डाग आणि चमकणारी टोके हे सगळे एकत्र पाहिले की हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, फार वेळ चाललेली गाडी डोळ्यापुढे येते. ज्यांना आपला क्लच बदलून घ्यायचा आहे त्यांनी गॅरेज कोणतेही असो, जुने भाग परत मागावेत आणि एवढ्या खुणा तरी स्वतः पाहाव्यात. प्लेटवर तेल असेल आणि सील न बदलता नवी प्लेट बसवली असेल, तर ती काही महिन्यांतच पुन्हा घसरणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हाफ क्लचने नेमके किती नुकसान होते याचा मी घरी येऊन ढोबळ हिशेब केला, तो इथे द्यावासा वाटतो. चार माणसे बसलेली वॅगन-आर साधारण ११०० किलोची होते. दहाला एक (दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) अशा चढावर ती ब्रेक न लावता केवळ हाफ क्लचवर जागच्या जागी तोलून धरली आणि इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर असले, तर क्लचमध्ये दोन ते तीन किलोवॉट इतकी शक्ती निव्वळ उष्णता होऊन जाते. बाथरूममधला मोठा गीझर दोन किलोवॉटचा असतो. तेवढी किंवा त्याहून अधिक उष्णता क्लचभोवतीच्या बंदिस्त घंटाकृती खोळीत, हवा खेळायला फारशी जागा नसताना, त्या पातळ अस्तरावर ओतली जाते. काही सेकंद हे चालून जाते. सिंहगडच्या घाटात रविवारी सकाळी गोळेवाडी नाक्याच्या वर गाड्यांची रांग लागते, पुढची गाडी दोन हात सरकते, आपण दोन हात सरकतो आणि मधल्या वेळात ब्रेकऐवजी क्लचवरच गाडी धरून ठेवतो. असे अर्धा-पाऊण तास चालले की जळका वास येतो. तो वास एकदा आला म्हणजे प्लेट संपली असे नाही. गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये टाकून, क्लचवरून पाय काढून ती थंड होऊ दिली तर पकड बहुतेक वेळा परत येते. त्याच स्थितीत तशीच वर रेटली तर मात्र अस्तर कायमचे जाते.

यावरचा उपाय हँडब्रेक हाच आहे, आणि मिस्त्रींनी मला व माझ्या मुलीला गॅरेजबाहेरच्या चढावर तो करून दाखवला. गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा आणि पेडले मोकळी सोडायची. निघताना पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच हळूहळू सोडत गाडीचे नाक किंचित उचलल्याचे जाणवले की हँडब्रेक खाली, आणि मग क्लच पूर्ण सोडून द्यायचा. घसरण तीच एक-दीड सेकंदाची राहते. आपल्याकडे ही पद्धत भित्र्या चालकाची समजली जाते, हे मला फार खटकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १५ मध्ये परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला काय काय यायला हवे याची यादी आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून हँडब्रेकचा, किंवा ॲक्सिलरेटर व फूटब्रेकचा, नीट वापर करून ती मागे न जाऊ देता पुन्हा चालू करणे हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. क्लचवर गाडी तोलून धरणे त्यात कुठेही नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मात्र मुलांना पहिल्या आठवड्यापासून हाफ क्लचच शिकवला जातो, कारण त्याने गाडी बंद पडत नाही आणि शिकवणाऱ्याचा वेळ वाचतो. अरुंद घाटात, उदाहरणार्थ भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात, चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा नियम आहे. उतरणाऱ्यांनी तो पाळला तर चढणाऱ्यांचे निम्मे थांबे कमी होतील.

शहरातल्या सवयींबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्या बहुतेकांना माहीत असतात, फक्त पाळल्या जात नाहीत. सिग्नलवर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्लच सोडावा. पेडल पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये उभे राहिल्याने प्लेट झिजत नाही, पण रिलीज बेअरिंग आणि डायफ्राम यांच्यावर तेवढा वेळ पूर्ण भार राहतो. गिअर बदलून झाला की डावा पाय पेडलवरून उचलून शेजारी ठेवावा. वेग कमी करण्यासाठी खालच्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडत राहणे म्हणजे ब्रेकचे काम क्लचकडून करून घेणे होय, आणि ब्रेकचे पॅड क्लच सेटपेक्षा कितीतरी स्वस्त असतात. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध घेणे ही निराळी गोष्ट. तिथे क्लच पूर्ण सोडलेला असतो, त्यामुळे त्याला त्रास नाही.

थांबलेली गाडी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये सोडण्याची, म्हणजे हलवण्याची, सवय मात्र अनेकांना निरुपद्रवी वाटते, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक. सपाट रस्त्यावर गाडी सुटताना क्लचमध्ये जी ऊर्जा उष्णता होऊन जाते ती साधारणपणे त्या टप्प्यात गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या गिअरमध्ये क्लच ताशी आठ-दहा किलोमीटरला पूर्ण पकडतो. तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडली तर तेवढ्याच फेऱ्यांना तो पंधरा-अठरा किलोमीटरला पकडेल. वेग दुपटीच्या आसपास गेला, म्हणजे प्रत्येक सुटण्यामागे उष्णता तिपटीहून जास्त झाली. वाकड ते हिंजवडी या पट्ट्यात एका सकाळी किती वेळा थांबावे आणि सुटावे लागते हे तिथे जाणाऱ्यांना सांगायला नको. गाडी पूर्ण थांबली की पहिलाच गिअर टाकावा. रिव्हर्सचेही तसेच आहे: सोसायटीच्या तळघरातून रॅम्पवर गाडी उलटी वर काढणे क्लचला फार जड जाते, कारण तिथे माणूस सावधपणे इंच इंच जातो आणि सगळा वेळ क्लच घसरत असतो. शक्य असेल तर रात्री लावतानाच गाडी अशी लावावी की सकाळी ती तोंडानेच वर चढेल.

आता बसवण्याच्या कामाकडे येते. सेट कोणता हवा हे त्यांनी आम्हालाच ठरवू दिले. व्हॅलिओ, ल्युक आणि एक्सेडी ही या बाजारातली जुनी नावे आहेत आणि कार कंपनीच्या स्वतःच्या खोक्यात मिळणारा सेटही असतो. आमचा निर्णय कार कंपनीच्या खोक्याच्या बाजूने झाला, कारण सील फोडलेले नसल्याची खात्री करणे तिथे सोपे होते. खोके माझ्यासमोर उघडले गेले आणि त्याचे पक्के बिल मिळाले. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, तेव्हा जुन्या दराने कोणी अंदाज देत असेल तर विचारून घ्यावे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलावेत असे मिस्त्रींचे आग्रहाचे मत होते आणि मला ते पटले. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. बेअरिंगचे थोडेसे पैसे वाचवून ते वर्षभरात गेले तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. फ्लायव्हीलवर चर नव्हते, फक्त हलके डाग होते, म्हणून ते बदलले नाही. पृष्ठभाग बारीक एमरी कागदाने साफ करून घेतला. हा निर्णय त्यांनी मला दाखवून घेतला आणि आधीच्या वर्कशॉपच्या अंदाजातली सर्वांत मोठी रक्कम त्यामुळे वाचली. सील कोरडे असले तरी एवढे उघडल्यावर ते नवे टाकणे शहाणपणाचे, म्हणून क्रँकचे मागचे सील आणि गिअर ऑइल बदलले. सगळे मिळून बिल नऊ हजारांच्या आत राहिले.

बसवताना त्यांनी घेतलेली काळजी मी उभी राहून पाहिली. खोळीतली धूळ हवेच्या पाइपने न उडवता ओल्या कापडाने पुसली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचे आणि आजच्या अस्तरांची धूळही छातीत जाऊ नये, असे त्यांनी हाताखालच्या मुलाला बजावले. प्लेटच्या अस्तराला ग्रीसचा हात लागू दिला नाही. इनपुट शाफ्टच्या खाचांवर ग्रीस अगदी पुसट लावले, कारण जास्त झालेले ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते आणि मग गाडी सुटताना थरथरते. प्लेट मध्यभागी बसवण्यासाठी सेंटरिंगचा दांडा वापरला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पक्के केले. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन शेवटपर्यंत जॅकवर ठेवले. घाईत तो प्लेटच्या हबवर लोंबकळू दिला तर नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते आणि मग गिअर पडताना कुरकुर सुरू होते. हे सारे पुस्तकात लिहिलेले असतेच, पण रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये टॉर्क पाना हातात घेतलेला मिस्त्री पाहून मला मनापासून बरे वाटले.

गाडी देताना पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायला सांगितले गेले. नव्या अस्तराचा पृष्ठभाग फ्लायव्हीलवर पूर्ण जुळायला तेवढा वेळ लागतो. त्या काळात भरलेली गाडी घाटात नेऊ नये, कोणाची गाडी ओढू नये आणि झटक्याने सुटू नये. साधारण हजार किलोमीटरनंतर प्ले पुन्हा तपासायला त्यांनी स्वतःहून बोलावले, नट किंचित फिरवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता पेडल हलके आहे, क्लच मधल्या अंतरात पकडतो आणि कात्रजच्या बोगद्याकडचा तोच चढ गाडी चौथ्या गिअरमध्ये विनातक्रार चढते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा चालू करून थोडी फिरवा, नाहीतर ओलीने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, ही सूचनाही त्यांच्याकडूनच मिळाली.

त्रुटीही आहेत आणि त्या सांगायला हव्यात. काम एका दिवसात होईल असे सांगितले होते, ते झाले नाही. उशीर होत असल्याचा फोनही आला नाही, मलाच करावा लागला. बसायला जागा नाही, सावली नाही, आणि गाड्या रस्त्याच्या कडेलाच लावाव्या लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत तिथून गाडी बाहेर काढणे अवघड होते. भागांचे बिल पक्के मिळाले, पण मजुरीची पावती मागितल्यावर साध्या कागदावर लिहून दिली; त्यावर किती महिन्यांची किंवा किलोमीटरची हमी हे लिहिलेले नव्हते, ते मी लिहून घेतले. क्लच हा झिजणारा भाग असल्याने कार कंपन्यांच्या वॉरंटीतही तो बहुधा बसत नाही, तेव्हा निदान बसवण्याच्या कामाची हमी लेखी असावी अशी माझी या गॅरेजला विनंती आहे. या कारणांसाठी मी पाचपैकी चार तारे देते आहे.

इथे येणाऱ्यांनी सकाळी लवकर यावे, म्हणजे मिस्त्री स्वतः गाडीत बसून फेरी मारतात; दुपारनंतर ते काम हाताखालच्या मुलांवर पडते. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील) असलेल्या डिझेल गाड्यांचे काम ते घेत नाहीत आणि तसे तोंडावर सांगतात. ते फ्लायव्हील लेथवर घासून चालत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते, त्यामुळे त्या गाड्यांच्या मालकांनी इथे खेप न घालता तशी सोय असलेले ठिकाण शोधावे. पेट्रोलच्या लहान गाड्यांसाठी मात्र, विशेषतः क्लच जड झाला आहे पण अजून घसरत नाही अशा अवस्थेत, आधी नुसता प्ले आणि केबल तपासून घ्यायला इथे जरूर यावे. गाडी उघडण्याची गरज नसेल तर ते तसे सांगतील.